खालच्या बागेचा निकाल

१

आंबा बाहेरून बघून आतलं सांगता आलं असतं, तर मला आयुष्यभर कुणी पगार दिला नसता. बोटीतून उतरलेला माल नासका निघाला की विमा कंपनी मला बोलवायची. पेट्या फोडायच्या, फळं कापायची आणि सांगायचं की खोट कुणाची: बागवाल्याची, बोटवाल्याची की घेणाऱ्याची. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, उरलेले दोघे माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणून निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, यापुढे सुरी धरायची ती कांद्यापुरती.

आणि तरीही त्या सकाळी मी भावोजींच्या बागेतल्या शेडमध्ये, लांबलचक टेबलापुढे, हातात सुरी घेऊन उभा होतो.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली. ती होती तेव्हा मी हंगामात इथे आलो, की जेवणानंतर आतून आंब्याच्या फोडींची ताटली यायची. एकेक फोड निवडून ठेवल्यासारखी. ती गेल्यावर भावोजींनी आंबा खाणंच सोडलं, आणि माझंही येणं कमी झालं.

आता आलो होतो ते भाचीच्या परीक्षेसाठी. या बागेला साक्याची जुनी खोड. साका ज्याने पाहिला नाही तो भाग्यवान. वरून फळ असं, की बघत राहावं. कापलं की कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस वासाचा. भाची शेतकी शिकून आली आणि म्हणाली, दोष झाडाचा नाही, मातीचा आहे. मातीत कॅल्शियम कमी, म्हणून गर कच्चा राहतो, बिनसिमेंटच्या भिंतीसारखा. जमिनीत दरवर्षी जिप्सम घालायचं. मुळांपर्यंत उतरायला वेळ लागेल, पण साका जाईल.

"माती म्हणजे काय पोट दुखणारं पोर आहे, तिला चुना चाटवायला?" भावोजी म्हणाले होते. पण लेक हट्टाला त्यांच्यावरच गेलेली. शेवटी बापलेकीत ठरलं: खालची बाग तिची, वरची त्यांची. तिसऱ्या वर्षी सगळ्यांसमोर दोन्हीकडची फळं कापायची. खालच्या बागेतला साका गेला असेल, तर सगळीच बाग तिच्या हातात. नसेल, तर खालची जमीन तिच्या धाकट्या भावाने आणलेल्या गिऱ्हाइकाला. त्याला तिथे गोदामं बांधायची होती.

उद्या कुणी म्हणायला नको की तिने फळं निवडून ठेवली, म्हणून तोडणी संपेपर्यंत बागेत पाऊल टाकायचं नाही, ही अट तिने स्वतःच स्वतःला घालून घेतली. तोवर ती माझ्या घरी राहिली. रोज सकाळी माझा चहा होईपर्यंत कॅल्शियमवर प्रवचन. शेवटी शेवटी मला स्वप्नातही जिप्सम दिसायला लागलं.

टेबलावर दोन ढीग होते. शेडमध्ये भावोजी, भाची, धाकटा, खतवाला, तोडणीचा मुकादम आणि कागदांची बॅग मांडीवर घेतलेला गोदामवाला. खालच्या बागेचे आंबे बघून खतवाल्याने शीळच घातली. मोठे, गोल खांद्यांचे, एकाच्याही सालीवर चिकाचा डाग नाही.

"बघा, कसे भरलेत!" भावोजी म्हणाले, आणि मग आपण कुणाच्या बाजूचे ते आठवल्यासारखे खोकले.

आधी वरच्या बागेची फळं कापली. साका होता, नेहमीइतका. मग खालचं पहिलं फळ घेतलं. सुरी आत गेली तेव्हाच हाताला कळलं. पांढरा, भुसभुशीत गर. दुसरं घेतलं. तेही तसंच. तिसरं, चौथं. टेबलभर आंबूस वास सुटला.

"पुन्हा कापा," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "मेव्हणे, दुसरीकडून घ्या. तळातून घ्या."

तळातून घेतलं. तिथेही साकाच होता. भाचीने एक अर्धं फळ उचलून त्यात अंगठा दाबला आणि तो आत जाईल तसा जाऊ दिला.

भावोजींचा शब्द म्हणजे शब्द. त्या टेबलावरच, आंब्याच्या रसाने चिकट झालेल्या लाकडावर, त्यांनी सही केली. गोदामवाला माणूस सरळ होता. उठताना भाचीला म्हणाला, "यात कुणी लबाडी केली असं दाखवून द्या, हे कागद मी तुमच्यासमोर फाडतो. पण ते लवकर व्हायला हवं. परवा सकाळी करवतवाले येणार आहेत."

२

"मामा, माझं काय चुकलं ते मला कळायला हवं," भाची म्हणाली. आम्ही तिच्या खोलीत होतो. पलंगावर बॅग उघडी पडली होती. लांबच्या शहरातल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. "झाडं गेली तर जातील. पण माझं शिकलेलंच खोटं असेल, तर तिकडे जाऊन तरी मी कुणाला काय सांगणार? आणि कुणी मुद्दाम केलं असेल..."

"तर?"

"तर कोण ते मला माहीत आहे. तीन वर्षं ते माझ्या खतावर हसतायत."

बापाचं नाव न घेता बापावर आळ घेतला तिने. मी तिला गप्प केलं आणि सुरी पुसून खिशात टाकली. निवृत्ती गेली खड्ड्यात.

सुरुवात खतवाल्यापासून केली, कारण विम्याच्या कामात मी एक शिकलो होतो: जो सगळ्यात जास्त हळहळतो त्याला आधी भेटावं. दुकानात तो माझ्यापुढे चहा, बिस्किटं आणि दुःख अशा तिन्ही गोष्टी घेऊन आला.

"ताईंचं फार वाईट झालं हो. माझ्या मालात मात्र खोट नाही, आधीच सांगतो."

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

"म्हणजे म्हणाल, म्हणून म्हटलं."

जिप्समच्या नावाखाली खडूची पूड खपवणारे पुष्कळ. मी त्याच्याकडून वाटीभर व्हिनेगर मागवलं, तिच्यासाठी बाजूला काढलेल्या पोत्यातली चिमूट त्यात टाकली आणि दोघंही वाटीत डोकावलो. खडू असता तर फसफसला असता. पूड मुकाट तळाशी जाऊन बसली. मग बागेतून आणलेली माती टाकली. तीही गप्प.

खतवाल्याने एवढा मोठा श्वास सोडला, की मला त्याची दयाच आली. "मला स्वतःलाच भीती होती हो," तो म्हणाला. "कारखान्यातून काय येतं ते मी तरी कुठे उघडून बघतो?"

म्हणजे माल चोख होता, आणि मातीतही खडू पडला नव्हता. खतवाल्याने आणखी एक सांगितलं. तिसऱ्या वर्षी ताई पानं तपासायला पाठवत होत्या, तेव्हा कॅल्शियम वर चढलेलं दिसत होतं. झाडाने औषध घेतलं होतं. मग रोगी मेला कशाने?

मी परत शेडमध्ये गेलो. कापलेल्या फळांचा ढीग कोपऱ्यात पडला होता आणि माश्यांची जत्रा भरली होती. खालच्या बागेची एक कोय उचलली, सुरीच्या टोकाने फोडली, आणि तिथेच उकिडवा बसलो. आतल्या बीला पांढराशुभ्र कोंब फुटला होता.

३

दुसरी फोडली. तिसरी फोडली. सगळ्या जाग्या झालेल्या. मग वरच्या बागेच्या कोयी फोडल्या. त्या गाढ झोपलेल्या.

आंबा झाडावर गरजेपेक्षा जास्त राहिला, की आतल्या बीला वाटतं आपली वेळ झाली. ती उगवायची तयारी करते आणि भोवतालच्या गरातूनच पाणी आणि सत्त्व ओढून घेते. मग भिंतीत सिमेंट असो नसो, घर आतूनच पोखरलं जातं. आणि मला टेबलावरचे ते देखणे आंबे आठवले. वेळेवर तोडलेल्या आंब्याच्या देठातून चीक उडतो, सालीवर एखादा तरी काळपट ओघळ राहतोच. वरच्या बागेच्या फळांवर ते होते. खालच्या एकाही फळावर नव्हते. ज्याचं सगळे कौतुक करत होते, तीच खूण होती. चीक आटेपर्यंत ते आंबे झाडावर लटकत ठेवले होते. माझ्यासारख्या माणसाला हे सकाळीच दिसायला हवं होतं, पण भाचीचं तोंड बघताना फळाकडे लक्ष राहिलं नाही.

मुकादम विहिरीच्या कट्ट्यावर झेल्याची जाळी शिवत बसला होता. झेला म्हणजे आंबा काढायची लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. माणूस काठीसारखाच उंच आणि शब्दांच्या बाबतीत कंजूष.

"खालची बाग कधी उतरवली?" मी विचारलं.

"वरची झाल्यावर."

"लगेच?"

त्याने जाळीला एक गाठ मारली. मग ती सोडवून पुन्हा मारली. "लगेच नाही. पंधरवडा तरी गेला."

"का?"

"थांबा म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"ते नाही सांगणार, मामासाहेब. कुणाला बोलू नको म्हणून शब्द घेतलाय माझ्याकडून. एवढंच सांगतो, सांगणाऱ्याने भल्यासाठी सांगितलं होतं."

"कुणाच्या भल्यासाठी?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काही वेड्यासारखं विचारलं होतं. मग काठी उचलून चालायला लागला. थोडं गेल्यावर मान न वळवता म्हणाला, "वरची तोडणी चालली होती तेव्हा धाकटे मालक खालून एक पेटी भरून घेऊन गेले. चोरून. हे सांगायचं नाही असं मला कुणी म्हटलेलं नाही."

४

धाकट्याची पंपदुरुस्तीची शेड रस्त्याला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा तो एका मोटारीच्या पोटात हात घालून बसला होता. मला बघितलं आणि हात बाहेर काढायचं विसरला.

"या मामा. चहा?"

"सगळे मला चहाच पाजतायत. पेटी कुठे आहे?"

खोटं बोलायला तो लहानपणापासून कच्चा. त्याची नजर आधी मागच्या फळीकडे गेली आणि मग ती तिकडे का गेली म्हणून तो ओशाळला. फळीमागे गवत भरलेली पेटी होती. तळाशी दोन-तीन सुरकुतलेले आंबे राहिले होते, सालीवर चिकाचे काळे ओघळ. बाजूला वाळून कडक झालेल्या अर्ध्या फाका होत्या. खाणारा माणूस आंबा असा कापत नाही. मधोमध उभा चिरून कोयीशेजारचा गर बघायचा, असा तो मी कापतो.

मी सुरकुतलेल्यातला एक कापला. पिवळाधमक, कडेपासून कोयीपर्यंत सारखा. दुसराही तसाच.

"खालच्या बागेचे?"

"हो." तो जमिनीकडे बघत होता. "मला बघायचं होतं, ताईचं जमतंय का. माझं सगळं त्या सौद्यावर अवलंबून आहे मामा. अढीत पिकवले आणि कापले. एकातही साका नव्हता. तेव्हाच समजलो, आपण हरलो."

"आणि काल? टेबलावर सगळे साक्याचे निघाले तेव्हा?"

त्याने चिंध्या घेऊन हात पुसायला सुरुवात केली. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला. "मला काही कळलंच नाही. वाटलं, देवच पावला. मग ताईचा चेहरा बघितला. बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण बाबांनी तोवर पेन उघडलं होतं."

"तोडणी लांबवायला तू सांगितलंस?"

"मी? मुकादम माझं ऐकतो होय? आणि लांबवून काय होतं?"

हा प्रश्न त्याने इतक्या साधेपणाने विचारला, की मी त्याला तिथल्या तिथे सोडून दिलं. पंप सोडून त्याला कशातलं काही कळत नाही. फळ जास्त लटकलं की बिघडतं हे ज्याला ठाऊक नाही, तो ते बिघडवण्यासाठी लटकत ठेवणार नाही.

मग राहिलं कोण? मी रस्त्याने परत निघालो आणि डोक्यात गोष्टी जुळत गेल्या. मुकादम ज्याच्या शब्दाला बांधलेला होता, असा माणूस बागेत एकच. ज्याने परीक्षेआधी टेबलाशी "कसे भरलेत" म्हटलं आणि मग खोकला, तो तोच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जिंकणारा माणूस "पुन्हा कापा" म्हणत नाही. हरणारा म्हणतो.

भाचीचा आळ बरोबर होता आणि साफ चूकही होता. मला एकदम थकल्यासारखं झालं. हे मी शोधून काढलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं.

५

भावोजी पडवीत बसले होते. समोर जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. मी शेजारी बसलो आणि कोंब फुटलेली कोय त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"खालची बाग उशिरा उतरवायला तुम्ही सांगितलंत."

त्यांनी कोंबावरून बोट फिरवलं. "मुकादम बोलला?"

"तो कसला बोलतोय! तुम्हीच बोललात. टेबलापाशी."

"लेकच आहे माझी," ते म्हणाले. "तीन वर्षं उन्हात पोती ओढताना बघतोय तिला. मी वरून हसायचो, आणि ती गेली की खाली जाऊन झाडांना हात लावून बघायचो. पानं काय तजेलदार झाली होती, मेव्हणे! मनात म्हटलं, आपण हरलेलंच बरं. पण आता माघार घेतली तर चारचौघांत काय राहिलं? मग म्हटलं, दुसऱ्या वाटेने मदत करू. तिची फळं सगळ्यांत चांगली दिसली पाहिजेत. घरच्या झाडांसारखी."

घरची झाडं म्हणजे विहिरीजवळची जोडी. त्यांची फळं बाजारात जात नसत. सगळी तोडणी उरकली तरी ती झाडावरच राहायची. बहिणीला झाडावर भरलेला आंबा आवडतो, म्हणून भावोजी त्यांना कुणाला हात लावू देत नसत.

"तिच्या आईसाठी जे करायचो, तेच तिच्यासाठी केलं," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता मी बिघडवलं? घरच्या झाडाच्या आंब्याला कधी साका नव्हता. इतकी वर्षं खाल्लाय मी."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. पण बंदरावरची सवय जात नाही, सुरी एकदा आत गेली की कोयीपर्यंत जाते.

"तुम्ही स्वतः कधी कापलात, भावोजी?"

"नाही. ती आतून फोडी करून आणायची."

आणि मला ते स्वयंपाकघर दिसलं. एकदा पाणी मागायला मी आत गेलो होतो. बहीण चुलीकडे पाठ करून आंबे चिरत होती. एका पातेल्यात पांढरा, स्पंजासारखा गर साचला होता, आणि ताटलीत कडेच्या चांगल्या फोडी मांडल्या होत्या. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हसली. "एवढ्या हौसेने ठेवतात माझ्यासाठी," ती म्हणाली होती. "त्यांना कशाला दाखवायचं?" मी तेव्हा पाणी पिऊन बाहेर आलो आणि ते विसरूनही गेलो.

मी सांगितलं ते सगळं. कसं सांगितलं आठवत नाही. शेवटी भावोजींनी कोय उचलून मुठीत घेतली आणि म्हणाले, "म्हणजे तीही कधी पोटभर खायची नाही."

"कडेचं खायची."

"मला सांगायचं की एकदा." त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "एकदा सांगायचं!"

मग एकाएकी ते ताठ बसले. "गोदामवाला काय म्हणाला होता? लबाडी झाली असेल तर कागद फाडतो?"

"ही लबाडी नाही. फळं बिघडावीत म्हणून तुम्ही काही केलं नाहीत. तिच्याच बाजूने केलंत. तो म्हणेल, तुमच्याच पक्षाने केलेली चूक तुमच्या माथी."

"मग मी बिघडवण्यासाठी केलं असं सांगू," भावोजी म्हणाले आणि चपला शोधायला लागले. "लेकीने जिंकू नये म्हणून मुद्दाम फळं लटकवली, असं सांगतो. तुम्ही साक्षीला चला. मुकादमही हो म्हणेल. सगळ्यांना पटेलच. तीन वर्षं मी दुसरं काय बोललोय?"

"बाबा, थांबा."

दारात भाची उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे.

६

ती आत आली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली. बापाच्या हातातली चप्पल तशीच राहिली.

"झाडं वाचतील," ते म्हणाले. "एवढं बोललं की झाडं वाचतील. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत."

"लोक म्हणतील की बाबांनी माझं वाईट केलं."

"म्हणू दे."

"मी पण तेच म्हणत होते. आज सकाळपर्यंत. तीन वर्षं मी रोज रात्री हेच समजून झोपले की बाबांना मी हरायला हवी आहे." तिचा आवाज फुटला. तिने तो सावरला नाही, तसाच पुढे ओढला. "आता कुठे खरं कळलं. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर उलटं करून सांगणार? मग मला ते पुन्हा चारचौघांकडून ऐकावं लागेल, जन्मभर. नको. झाडांसाठी सुद्धा नको."

"तुझी तीन वर्षं..."

"ती वाया गेली नाहीत. दादूच्या पेटीतले आंबे मामांनी कापले ना?" दादू म्हणजे धाकटा. तो तिच्यामागे उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा होता, त्यानेच तिला सगळं सांगून टाकलं होतं. "ते चांगले निघाले. मला तेवढंच कळायला हवं होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंत, बाबा. नुसतं, कधी तोडू, एवढंच."

विचारायची त्या घरात सवयच नव्हती. सगळे एकमेकांसाठी गुपचूप काहीतरी करत आले होते.

धाकटा त्याच संध्याकाळी गोदामवाल्याकडे गेला. पेटीची गोष्ट त्याने कबूल केली आणि सौदा मोडा म्हणून हात जोडले. गोदामवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "गप्प बसणं ही लबाडी नव्हे," तो म्हणाला, "आणि माझा पुढच्या गिऱ्हाइकांना शब्द देऊन झालाय." त्याचंही चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कुणाचंच धड चूक नव्हतं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा एखादा चोर सापडायला हवा होता असं वाटलं.

करवतवाले ठरल्याप्रमाणे आले. भाचीची बॅग गाडीत ठेवून झाली होती. निघताना तिने बापाला सगळीकडे शोधलं. ते वरच्या बागेत होते. उरलेलं जिप्समचं पोतं त्यांनी पाठीवरून तिथवर नेलं होतं आणि ओंजळीने झाडाच्या बुंध्याशी टाकत होते. खालून करवतीचा आवाज येत होता. ते तिकडे पाठ करून उभे होते.

"बुंध्याशी नको, बाबा," ती कुंपणाबाहेरून म्हणाली. "मुळं तिथे खात नाहीत. फांद्या जिथे संपतात ना, त्याच्या खाली गोल टाका."

त्यांनी वर बघितलं, फांद्यांची कड नजरेने धरली आणि पोतं तिकडे ओढलं. अंगावर पांढरी पूड उडाली होती. "किती टाकू?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. मग ती गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत दोघांपैकी कुणीही हात हलवला नाही.

७

पुढच्या हंगामात मी भाचीकडे राहायला गेलो होतो. तिच्या खोलीत प्रयोगशाळेतून आणलेल्या मातीच्या पुड्या सगळीकडे, जेवायच्या टेबलावरसुद्धा. इतका पसारा मला चालत नाही, पण मी गप्प बसलो. खालच्या बागेच्या जागी आता पत्र्याची गोदामं उभी होती. त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

रविवारी सकाळी फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण हात मातीने भरले होते.

"मी बोलतोय," भावोजींचा आवाज आला. मागे पानांची सळसळ होती. झाडाखालूनच फोन केला असणार. "मुकादम झेला घेऊन उभा आहे. घरच्या झाडांपाशी आहोत आम्ही. तोडू का?"

भाची हात पुसायचे विसरली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"एक काढून बघा," ती म्हणाली. "देठाला चीक येतोय का?"

पलीकडे काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. साका यंदाही निघणार होता, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. वरच्या बागेत आणि या झाडांखाली गेल्या वर्षी टाकलेलं कॅल्शियम मुळांपर्यंत उतरायला अजून दोन वर्षं होती, आणि भावोजींचं वय आम्हा तिघांना ठाऊक होतं.

"येतोय," ते म्हणाले. "हातावर आलाय."

"मग तोडा, बाबा."